हलणारी मान, मिटणारे तोंड : राज्यातील दंत महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अधिष्ठाता, महाराष्ट्रातील शासकीय, महापालिका व खासगी दंत महाविद्यालये,
आणि मा. सदस्य, दंतविज्ञान विद्याशाखा, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : बीडीएसच्या विद्यार्थ्यांना ओपीडीत पाठवण्याआधी रोबोट-पेशंटवर सराव देण्याबाबत

स. न. वि. वि.

दुसऱ्या वर्षाची प्री-क्लिनिकलची, म्हणजे पेशंटला हात लावण्याआधीच्या सरावाची, परीक्षा आटोपली की विद्यार्थी तिसऱ्या वर्षात येतो आणि ओपीडीतल्या खुर्चीशेजारी बसतो. तोवर त्याच्या हातांना एकच तोंड ठाऊक असते, फँटम हेडचे, म्हणजे सरावासाठी स्टँडवर बसवलेल्या कृत्रिम डोक्याचे. ते हवे तेवढे उघडते आणि उघडेच राहते. त्याला लाळ सुटत नाही, उमासा येत नाही, जीभ मध्ये येत नाही. पाणी घशाच्या भोकातून नळीत जाते आणि नळीतून बादलीत. यानंतर भेटणारे दुसरे तोंड जिवंत माणसाचे असते, बहुतेकदा अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून केसपेपर काढून आलेल्या माणसाचे. या दोन तोंडांच्या मध्ये एक पायरी हवी. ती आता बांधता येते. कशी बांधायची आणि बांधताना कुठे फसायला होते, ते सांगायला हे पत्र लिहीत आहोत. आम्ही प्री-क्लिनिकल विभागांत शिकवणारे आणि तिथली उपकरणे सांभाळणारे आहोत.

फँटमबद्दल आमची तक्रार नाही. ग्लासगोच्या ऑस्वल्ड फर्गस यांनी १८९४ साली दांड्यावर जबडा बसवून तो मांडला आणि दात कापायचा पहिला धडा पेशंटच्या तोंडात गिरवण्याची वेळ टळली. २४५ नंबरच्या बरचे (दात कोरणाऱ्या फिरत्या हत्याराचे) कापणारे टोक ३ मिमी लांब आणि ०.८ मिमी जाड असते. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर दीड ते दोन मिमी खोल जायचे, तर या टोकाचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग आत गेला पाहिजे. हे गणित हातात बसायला फँटमच लागतो.

पण फँटम काही चुका झाकतो, आणि सर्वांत मोठी झाकली जाणारी चूक फिंगर रेस्टची. डोके स्टँडला घट्ट कसलेले असल्यामुळे अनामिका शेजारच्या दातावर न टेकवताही कॅव्हिटी (दात भरण्यासाठी कोरलेला खड्डा) सुबक निघते आणि गुणही मिळतात. खुर्चीतल्या माणसाने मान ३-४ मिमी वळवली की फरक कळतो. बोट दातावर टेकलेले असेल तर हात डोक्याबरोबर फिरतो आणि बर होता तिथेच राहतो. हात अधांतरी असेल तर तो जागेवर राहतो आणि दात बरखालून सरकतो. मिनिटाला ३ ते ४ लाख फेरे घेणारा बर शेजारच्या धडधाकट दाढेच्या बाजूवर ओरखडा काढून जातो. त्या ओरखड्यात पुढे कीड धरू शकते, आणि पेशंटला ते कधी कळतही नाही.

दचकून हात मागे ओढणे ही दुसरी चूक. ब्रेक नसलेल्या एअरोटरचा, म्हणजे हवेवर चालणाऱ्या हँडपीसचा, बर फूट कंट्रोलवरून पाय उचलल्यावरही क्षणभर फिरत असतो. तेवढ्यात हात बाहेर खेचला की गाल किंवा जीभ बरला लागते. क्रम उलटा हवा : आधी पाय उचलायचा, हात डोक्याबरोबर जाऊ द्यायचा, आरशाने जीभ अडवून धरायची, बर थांबला की आत गेला त्याच रेषेत हँडपीस बाहेर काढायचा. वर्गात हा क्रम चार ओळींत सांगून होतो. पायाला तो तेव्हाच कळतो, जेव्हा समोरचे डोके न सांगता हलते.

जपानमध्ये यावर दोन दशके काम चालू आहे. कोकोरो कंपनीने निप्पॉन डेंटल युनिव्हर्सिटीबरोबर बनवलेला ‘सिमरॉइड’ २००७ साली टोकियोच्या रोबोट प्रदर्शनात मांडला गेला. तोंडातल्या संवेदकांवर जास्त दाब पडला की तो कपाळाला आठ्या घालतो, हात उचलतो आणि दुखतंय म्हणतो. त्याच्या छातीतही संवेदक आहे. काम करताना विद्यार्थ्याचे कोपर किंवा हात पेशंटच्या छातीवर टेकला की त्याची नोंद होते. आपल्याकडे पेशंटच्या छातीवर नॅपकिन अंथरून त्यावर हत्यारे ठेवण्याची सवय किती मुरलेली आहे, हे आपण सगळे जाणतो. खुर्चीतल्या बाईला त्यात काय वाटते हे तिला कोणी विचारत नाही. एवढ्या एका संवेदकासाठीही आम्ही त्या यंत्राची बाजू घेऊ.

२०१० साली शोवा युनिव्हर्सिटी आणि टेमझाक कंपनी यांची ‘शोवा हनाको’ आली, पुढच्याच वर्षी तिची दुसरी आवृत्ती. हनाको डोळे मिचकावते, शिंकते, खोकते, जीभ हलवते. बराच वेळ आ करून ठेवला की तिचा जबडा थकून मिटू लागतो. दुसऱ्या आवृत्तीत चेहऱ्याची कातडी आणि गालाचे आतले अस्तर सिलिकॉनच्या एकाच अखंड तुकड्यात केले, म्हणजे एअरोटरचे पाणी आतल्या यंत्रणेत झिरपू नये. वरून किरकोळ दिसणारी ही सुधारणा आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, कारण या यंत्रांचा खरा शत्रू पाणी. टेमझाकनेच २०२० साली लहान मुलाच्या आकाराचा ‘पेडिया रॉइड’ आणला. तो हातपाय झाडतो, आणि उपचार चालू असताना मुलाची तब्येत एकाएकी बिघडली तर काय करायचे, याचा सरावही त्यावर होतो.

जपानी दवाखान्यात पेशंटला आधीच सांगून ठेवतात : दुखले तर डावा हात वर करा. डावा अशासाठी, की डॉक्टर आणि हत्यारे उजव्या बाजूला असतात. तिथल्या रोबोटला हात उचलायला शिकवले ते याच रीतीमुळे. आपला पेशंट हात उचलत नाही. तो खुर्चीचा हात घट्ट धरतो, पायाची बोटे आवळतो, डोळे मिटून घेतो आणि विचारले तर ‘नाही, चालू द्या’ म्हणतो. वयस्क आणि खेड्यातून आलेल्या पेशंटच्या बाबतीत तर डॉक्टरला थांबवणे हाच त्यांना उद्धटपणा वाटतो. म्हणून यंत्र मागवाल तेव्हा हात उचलण्याच्या हालचालीवर भाळू नका. भुवया, पापण्या आणि हाताची मूठ या तीन हालचाली मागा. शब्द मराठीत ध्वनिमुद्रित करून घ्या, जमल्यास वऱ्हाडी आणि अहिराणीतही. दहा-बारा वाक्ये पुरतात. आवाज ओळखून आपोआप उत्तर देणाऱ्या प्रणालीच्या मागे लागू नये. एअरोटर आणि सक्शनच्या आवाजात, तोंडावर मास्क लावून बोललेले मराठी तिला नीट कळणार नाही. पडद्याआड बसलेला शिक्षक बटण दाबून योग्य वाक्य ऐकवतो, तेच जास्त खरे वाटते.

एक गोष्ट कुठल्याही परदेशी यंत्राच्या माहितीपत्रकात मिळणार नाही, आणि आपल्याकडे ती रोजची आहे. विदर्भातला खर्रा, इतरत्र गुटखा आणि मावा यांनी गाल आतून ताठर झालेले, तोंड उघडत नाही अशी तक्रार घेऊन येणारे पेशंट. निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटे उभी जातात, साधारण ४० ते ५० मिमी. हा आजार (सबम्युकस फायब्रोसिस) बळावलेल्याचे दीड बोटही जात नाही. एअरोटरचे डोके आणि त्यात बसवलेला बर मिळून उंची सहज २० मिमीच्या पुढे जाते. अशा तोंडातली शेवटची दाढ कापायला लहान डोक्याचा हँडपीस आणि आखूड दांड्याचा बर लागतो, आरसा गालाच्या आड उभा घालावा लागतो, आणि पुष्कळदा त्या दिवशी काही न कापणे हाच योग्य निर्णय असतो. फँटमवर हे कोणी शिकत नाही, कारण फँटमचा जबडा कायम पूर्ण उघडा. तेव्हा जबड्याची कमाल उघडझाप ४५, ३० आणि २० मिमी अशी तीन ठिकाणी बांधता आली पाहिजे, ही अट निविदेत घाला. जुन्या फँटमच्या सांध्यालाही रोधक लावून हे करता येते. त्याला रोबोट येण्याची वाट पाहायची गरज नाही.

सराव कसा घ्यायचा? वीस मिनिटांचा एक डाव धरा. पहिली तीन मिनिटे बोलण्याची : नाव, तक्रार, रक्तदाब-मधुमेहाची चौकशी, आज काय करणार ते सांगणे, खुर्ची मागे नेण्याआधी ‘खुर्ची खाली घेतोय’ असे म्हणणे. मग बारा मिनिटे खालच्या उजव्या पहिल्या दाढेवर कॅव्हिटी. या बारा मिनिटांत तीन गोष्टी घडवायच्या : जीभ आरशावर रेटणे, जबडा हळूहळू मिटत येणे, आणि खोकला किंवा उमासा. क्रम आणि वेळ प्रत्येकासाठी वेगळी ठेवा, कारण सकाळच्या बॅचने दुपारच्या बॅचला सगळे सांगितलेले असते. शेवटची पाच मिनिटे चित्रीकरण पाहण्याची. फूट कंट्रोलला एक साधा स्विच जोडून डोके हलल्याचा क्षण आणि पाय उठल्याचा क्षण एकाच पडद्यावर दाखवता आला, तर शिक्षकाला फारसे बोलावे लागत नाही. विद्यार्थी स्वतःच या दोन क्षणांमधले अंतर कमी करायच्या मागे लागतो.

गुण देताना निम्मे कॅव्हिटीला द्या, निम्मे पेशंटला. शेजारच्या दाताला ओरखडा पडला तर कॅव्हिटी कितीही देखणी असो, तो डाव पुन्हा घ्यायचा.

आता घशात गेलेले पाणी. एअरोटरचा फवारा दात गार ठेवण्यासाठी मिनिटाला निदान ५० मिली हवा. बारा मिनिटांपैकी बर प्रत्यक्ष चार मिनिटे चालला तरी २०० मिली पाणी झाले, म्हणजे पेलाभर. फँटमच्या घशाला भोक असल्याने ते कुठे गेले याचा हिशोब कोणी ठेवत नाही. रोबोट असो की जुना फँटम, घशाची नळी बादलीत न सोडता खुणा असलेल्या पारदर्शक बाटलीत सोडा. डाव संपल्यावर बाटलीत जेवढे पाणी, तेवढे खऱ्या पेशंटच्या घशाशी साचले असते. सक्शनचे टोक कुठे धरावे, किती वेळाने थांबावे, आडवे झोपलेले म्हातारे माणूस का ठसकते, हे सगळे त्या बाटलीत दिसते. याला शे-दोनशे रुपयांच्या वर खर्च नाही.

उमाशाचा सराव अल्जिनेटने (पाण्यात कालवायच्या पावडरीने) दातांचे माप घेताना द्यावा, कारण ओपीडीत गोंधळ तिथेच उडतो. वरच्या जबड्याचा ट्रे गच्च भरून पुढून मागे बसवला की माल टाळूच्या मऊ भागावर आणि पडजिभेकडे वाहतो. ट्रेची मागची कड आधी टेकवून मग पुढचा भाग दाबला की जास्तीचा माल ओठांकडे येतो. पेशंटला सरळ बसवून मान किंचित पुढे झुकवायला आणि नाकाने श्वास घ्यायला सांगायचे. उन्हाळ्यात टाकीतले पाणी तापलेले असते आणि मिश्रण ट्रेमध्ये भरेपर्यंतच घट्ट होऊ लागते. मग घाईत माल जास्त घेतला जातो आणि उमासा येतोच. रोबोटच्या टाळूच्या मागच्या भागात दाबाचा संवेदक असेल, तर चुकीच्या क्रमाने बसवलेला ट्रे तो लगेच ओळखतो.

पूर्ण माणसाएवढा रोबोट प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही, आणि लागतही नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत एकेक ठेवून आसपासच्या महाविद्यालयांना वेळ वाटून देता येईल. हिशोब असा : एका विद्यार्थ्याला वीस मिनिटे, पुसून-आवरून पुढचा डाव लावायला दहा. दिवसाचे सहा तास धरले तर बारा विद्यार्थी. शंभरांची बॅच नऊ दिवसांत एकदा होते, तीन फेऱ्यांना सत्तावीस दिवस. म्हणजे एका मोठ्या महाविद्यालयालाच कामाचे जवळजवळ पाच आठवडे लागतात. दहा महाविद्यालयांनी एकच यंत्र वाटून घ्यायचे ठरवले, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एक फेरी येईल, आणि एका फेरीत पायाला सवय लागत नाही.

म्हणून बाकी सराव आपल्याच फँटमला हलवून घ्यायचा. मानेखाली मोटर, जिभेला सिलिकॉन, टाळूत संवेदक आणि साधा मायक्रोकंट्रोलर एवढ्यात काम भागते. शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना हा प्रकल्प सहज पेलतो. फसते ते पुढच्या ठिकाणी. स्पर्शाने चालणारा, मोबाइलच्या पडद्यासारखा संवेदक टाळूत बसवला तर पाण्याच्या फवाऱ्यालाच तो बोट समजतो आणि उमासे थांबतच नाहीत. सिलिकॉनच्या थराखाली दाब मोजणारा बसवा. जीभ ओतताना लेटेक्सचे हातमोजे नकोत. माप घेण्याची पुट्टी मळताना आपण जे कारण सांगतो तेच : त्यातल्या गंधकाने ॲडिशन सिलिकॉन घट्ट होत नाही, वर चिकट थर राहतो. ओतताना आत नायलॉनची बारीक जाळी घाला, नाहीतर आठवडाभरात जीभ मुळाशी फाटते. मोटरचे दाते प्लॅस्टिकचे असतील तर विद्यार्थ्याने मिटणारा जबडा जोराने उघडताच ते झिजतात. धातूचे घ्या, आणि मोटर व जबडा यांच्यामध्ये स्प्रिंग टाका. मिटण्याचा जोर दोन-तीन किलोच्या पुढे जाऊ देऊ नका, दातांमध्ये विद्यार्थ्याचे बोट असते. वीज गेली तर जबडा सैल पडला पाहिजे, मिटलेला अडकता कामा नये. पहिला डाव बर न लावता घ्या.

विकत घेतलेल्या रोबोटच्या बाबतीत आमची भीती वेगळी आहे. उद्घाटनाला फीत कापली जाते, जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते, आणि गालाची कातडी पहिल्यांदा फाटली की यंत्र काचेच्या खोलीत बंद होते. कातडी, अस्तर आणि जीभ हे झिजणारेच भाग आहेत. खरेदीच्या वेळीच प्रत्येकाचे निदान तीन संच आणि पाच वर्षांचा देखभाल करार किमतीत धरा. दात आपल्या टायपोडॉन्टचेच (फँटममध्ये बसणाऱ्या कृत्रिम जबड्याचेच), त्याच स्क्रूने बसणारे हवेत, नाहीतर प्रत्येक दात परदेशातून येईल. एक डाव म्हणजे एक दात, शंभर विद्यार्थ्यांच्या तीन फेऱ्यांना तीनशे. हालचाल हवेच्या दाबावर होणार असेल, तर आपल्या कॉम्प्रेसरमधली तेलकट, दमट हवा तशीच सोडू नका. ड्रायर आणि फिल्टर नसेल तर पावसाळ्यात व्हॉल्व्ह चिकटतात, कोकणात आणि मुंबईत तर नक्कीच. हँडपीसला तेल दिल्यावर तो आधी कागदावर वीस-तीस सेकंद चालवून घ्या. तेलाचा फवारा सिलिकॉनला फुगवतो. साफसफाईला साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके पुरते. आणि एक तंत्रज्ञ नावानिशी नेमा. ज्या यंत्राची जबाबदारी सगळ्या विभागाची असते, ती कोणाचीच नसते.

रोबोटला रक्त येत नाही, त्याला लागण होत नाही, त्याचे मेलॅमिनचे दात किडलेल्या डेंटिनसारखे मऊ लागत नाहीत. बधिरतेचे इंजेक्शनही यावर शिकवू नका. सिलिकॉनला सुईची भोके पडतात आणि हाड लागल्याची जाणीव खोटी मिळते. ते शिक्षकाच्या हाताखाली, खऱ्या पेशंटवरच शिकावे लागेल. सुई तोंडात असताना पेशंट एकदम तोंड मिटू शकतो, एवढी सावधगिरी मात्र इथून घेऊन जाता येते. तोंडात फाईल (दाताची नळी साफ करणारी बारीक सुई) किंवा क्राउन (दाताची टोपी) असताना आलेला खोकला हाही याच सरावाचा भाग करा : फाईलला फ्लॉस बांधलेला आहे का, घशाशी गॉज आहे का, ते खोकला आल्यावर पाहून उपयोग नाही.

जपानने २००५पासून दंत विद्यार्थ्यांना पेशंटजवळ नेण्याआधी संगणकावरची आणि प्रात्यक्षिकाची सामायिक परीक्षा ठेवली आहे. आपल्याकडे २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. अभ्यासक्रमाचे नवे नियम लिहिले जातील तेव्हा विद्यापीठाने ही मागणी लावून धरावी : तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीचे दोन आठवडे हलत्या तोंडावरच्या सरावाला, प्रत्येकाला किमान तीन डाव, आणि ते उत्तीर्ण झाल्यावरच पेशंटच्या दातावर एअरोटर. क्लिनिकल कोटा (प्रत्येकाने पूर्ण करायच्या केसेसची संख्या) सुरू होण्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलावी लागेल. वेळ कमी पडतो अशी हरकत येईल. तिसऱ्या वर्षाचे पहिले दोन आठवडे बहुतेक विद्यार्थी केस मिळण्याची वाट पाहत ओपीडीत उभे असतात, तो वेळ वापरा.

जिभेच्या साच्याची मापे, जबड्याच्या रोधकाचे रेखाचित्र आणि गुणपत्रिकेचा नमुना कोणत्याही महाविद्यालयाने मागितला तर आम्ही विनामूल्य देऊ. सुरुवात बाटलीपासून करा. येत्या प्रात्यक्षिकाला प्रत्येक फँटमच्या घशाखाली एक लावा आणि आलेले आकडे विद्यार्थ्याच्या नावासमोर लिहून ठेवा.

आपले विश्वासू,
प्री-क्लिनिकल विभागांतील काही शिक्षक आणि तंत्रज्ञ